१० मे ते १० मे : सत्तरच्या दशकातील सर्वश्रेष्ठ आइस हॉकीपटू कोण?

१/
१० मे १९७०. अमेरिकेतील बॉस्टन गार्डनमध्ये स्टॅन्ले चषकाच्या अंतिम फेरीचा चौथा सामना ३-३ अशा बरोबरीनंतर जादा वेळेत गेला होता. जादा वेळेची अवघी ४० सेकंदे उलटली असताना बॉस्टन ब्रुइन्सचा २२ वर्षांचा बचावपटू बॉबी ऑर याने सेंट लुइस ब्लूजविरुद्ध निर्णायक गोल केला. त्याच क्षणी प्रतिस्पर्धी नोएल पिकार याच्या स्टिकने त्याचा पाय उचलला गेला आणि दोन्ही हात फैलावलेला ऑर बर्फाच्या वर आडवा, हवेत झेपावला. रे लुसिअर यांनी टिपलेले ते छायाचित्र या खेळातील सर्वांत प्रसिद्ध छायाचित्रांपैकी एक ठरले. बॉस्टनने २९ वर्षांनी चषक जिंकला.

२/
१० मे १९७९. कॅनडातील मॉन्ट्रियल फोरम. उपांत्य फेरीचा सातवा, म्हणजे निर्णायक सामना. समोर पुन्हा तोच बॉस्टनचा संघ, ४-३ असा पुढे. सामना संपायला तीन मिनिटेही उरली नसताना बॉस्टनचे नियमापेक्षा जास्त खेळाडू बर्फावर उतरले आणि त्यांना शिक्षा झाली. १ मिनिट १४ सेकंद शिल्लक असताना मॉन्ट्रियल कॅनेडियन्सच्या गी लाफ्लरने उजव्या बाजूने मुसंडी मारून जोरकस फटका लगावला. बरोबरी झाली. जादा वेळेत मॉन्ट्रियल जिंकले आणि पुढे सलग चौथ्यांदा चषकही त्यांच्याकडेच गेला.

३/
या दोन तारखांमध्ये नेमकी नऊ वर्षे आहेत, आणि त्या नऊ वर्षांभोवती एक वाद आजही धुमसतो आहे : सत्तरच्या दशकातील सर्वश्रेष्ठ आइस हॉकीपटू कोण? ऑर की लाफ्लर? गोलांचा पाऊस पाडणारा फिल एस्पोसिटो? मधुमेहाशी झुंजत संघाला दोन चषक मिळवून देणारा बॉबी क्लार्क? की अमेरिकेच्या विक्रमांच्या वहीत ज्याचे नावच नाही असा मॉस्कोचा वालेरी खार्लामोव? हा वाद वरवर चाहत्यांच्या गप्पांचा वाटतो. परंतु कोणता पुरावा मानायचा, नोंद कोणाची ठेवली गेली आणि कोणाची राहून गेली, हे इतिहासाचे जुने प्रश्न त्यात दडलेले आहेत.

४/
वादात शिरण्यापूर्वी खेळाची तोंडओळख. भारतात ‘हॉकी’ म्हटले की मैदानी हॉकी डोळ्यांसमोर येते. आइस हॉकी बर्फाच्या रिंगणात, पायांत स्केट चढवून, चेंडूऐवजी ‘पक’ नावाच्या रबरी चकतीने खेळतात. बर्फावर एका संघाचे सहा जण असतात : एक गोलरक्षक, सर्वसाधारणपणे दोन बचावपटू आणि तीन आघाडीपटू. २० मिनिटांची तीन सत्रे होतात. गोल करणाऱ्याला एक गुण मिळतो. गोलाआधी पक पुढे देणाऱ्या, जास्तीत जास्त दोन, सहकाऱ्यांनाही ‘असिस्ट’चा एकेक गुण मिळतो. खेळाडूंची तुलना बहुधा या गुणांच्या बेरजेवर होते.

५/
मग बेरजेपासूनच सुरुवात करणे योग्य. उत्तर अमेरिकेतील नॅशनल हॉकी लीग, म्हणजे एनएचएल, हिचा हंगाम शरदात सुरू होऊन वसंतात संपतो. १९७०-७१ ते १९७९-८० हे दहा नियमित हंगाम धरले, तर एस्पोसिटोचे १०८७, लाफ्लरचे ९४१, क्लार्कचे ८९१ आणि ऑरचे ६५९ गुण होतात. चौघांत ऑर तळाशी. वाद इथेच मिटायला हवा होता. तो मिटला नाही, कारण याच तक्त्यात आणखी एक स्तंभ असतो : खेळलेल्या सामन्यांचा.

६/
त्या दहा हंगामांत प्रत्येक संघाचे ७९२ नियमित सामने झाले. एस्पोसिटो त्यांतील ७८२ खेळला, क्लार्क ७७३. लाफ्लर एक हंगाम उशिरा आला, तरी ६७७ खेळला. ऑरच्या वाट्याला आले फक्त ४०७. दर सामन्याची सरासरी काढली की चित्र उलटते : ऑर १.६२, एस्पोसिटो आणि लाफ्लर प्रत्येकी १.३९, क्लार्क १.१५. आणि या चौघांत ऑर एकटाच बचावपटू. ज्याचे काम गोल अडवण्याचे, तो गोल करणाऱ्यांच्या पुढे होता.

७/
ही गोष्ट किती विलक्षण होती, हे कळण्यासाठी थोडे मागे जावे लागते. बचावपटूने आपल्या गोलासमोर उभे राहावे, पक हाती आला की तो आघाडीपटूकडे सोपवावा, अशी तेव्हाची शिस्त. १९६४-६५ मध्ये शिकागोच्या पिएर पिलोटने ५९ गुण मिळवले, तेव्हा तो बचावपटूंसाठी विक्रम ठरला. पाचच वर्षांनी, १९६९-७० मध्ये, ऑरने १२० गुण मिळवले आणि साऱ्या लीगचे गुणतक्त्यातील अग्रस्थान पटकावले. हंगाम ७० सामन्यांवरून ७६ सामन्यांचा झाला होता हे खरे, पण दुपटीची झेप सहा जादा सामन्यांनी होत नाही.

८/
ऑर पक स्वतःच घेऊन निघत असे. आपल्या गोलामागून सुरुवात, मधल्या रेषेपर्यंत वेग, समोरच्या बचावफळीला चकवा, आणि हल्ला फसला तर सर्वांच्या आधी परत आपल्या जागी. १९७०-७१ मध्ये त्याने ३७ गोल आणि १०२ असिस्ट मिळून १३९ गुण केले. बचावपटूंत हा आकडा आजवर कोणी गाठलेला नाही. त्याच हंगामात त्याचा ‘प्लस-मायनस’ अधिक १२४ होता, तोही विक्रम अबाधित आहे. खेळाडू बर्फावर असताना आपल्या संघाने केलेले गोल आणि खाल्लेले गोल यांतील फरक म्हणजे हा आकडा. त्यात दोन्ही बाजूंचे खेळाडू विषम संख्येने असताना होणारे बरेचसे गोल धरत नाहीत.

९/
सर्वोत्तम बचावपटूला मिळणारा नॉरिस चषक त्याने १९६८ ते १९७५ असा सलग आठ वेळा जिंकला. सर्वाधिक गुणांचा आर्ट रॉस चषक दोनदा मिळवला, १९७० आणि १९७५ मध्ये. त्याच्या आधी आणि त्याच्या नंतर एकाही बचावपटूला तो मिळालेला नाही. परंतु १९७५ नंतर सारे ओसरले. डाव्या गुडघ्यावर वारंवार शस्त्रक्रिया झाल्या. दुर्बिणीतून केली जाणारी गुडघ्याची शस्त्रक्रिया तेव्हा सर्रास होत नव्हती. पुढच्या चार हंगामांत तो १०, २०, शून्य आणि ६ सामने खेळला. १९७८ च्या अखेरीस, वयाच्या ३० व्या वर्षी, तो निवृत्त झाला.

१०/
आता एस्पोसिटो. ऑरचाच बॉस्टनमधील सहकारी. १९७०-७१ मध्ये त्याने ७६ गोल केले. तोवरचा विक्रम ५८ गोलांचा होता. गोलासमोरच्या गर्दीत पाय रोवून उभे राहायचे आणि आलेला पक क्षणात आत ढकलायचा, ही त्याची पद्धत. टीकाकार म्हणत, पक आणून देणारा ऑर होता. नोव्हेंबर १९७५ मध्ये बॉस्टनने त्याला न्यू यॉर्क रेंजर्सकडे धाडले आणि आदल्या हंगामात १२७ गुण मिळवणारा एस्पोसिटो पुढे दरवर्षी ८० च्या आसपास राहिला. मात्र तेव्हा तो तेहतीस वर्षांचा होता, हेही विसरता कामा नये. घसरण ऑरच्या अभावामुळे की वयामुळे, हे तक्ता सांगत नाही.

११/
क्लार्कची कहाणी निराळी. मॅनिटोबातील फ्लिन फ्लॉन या खाणींच्या गावचा हा मुलगा मधुमेही होता. त्यामुळे १९६९ च्या खेळाडू-निवडीत संघ त्याला घ्यायला कचरत होते. अखेर फिलाडेल्फिया फ्लायर्सने १७ व्या क्रमांकावर त्याला घेतले. फ्लायर्स हा १९६७ च्या विस्तारात जन्मलेला संघ. क्लार्कच्या नेतृत्वाखाली त्याने १९७४ आणि १९७५ मध्ये चषक जिंकला, आणि विस्तारातल्या एखाद्या संघाने चषक जिंकण्याची ही पहिलीच वेळ होती. दांडगाईसाठी तो संघ कुप्रसिद्ध होता आणि क्लार्क त्याचा मेंदूही होता, काटाही.

१२/
इथे पुरस्कारांची साक्ष काढली जाते. पत्रकारांच्या मतांवर दिला जाणारा हार्ट चषक ‘आपल्या संघाला सर्वांत मोलाचा’ ठरलेल्या खेळाडूसाठी असतो. १९७० ते १९७२ ऑर, १९७३ क्लार्क, १९७४ एस्पोसिटो, १९७५ व १९७६ पुन्हा क्लार्क, १९७७ व १९७८ लाफ्लर. म्हणजे ऑर तीन, क्लार्क तीन. पण १९७१ पासून खेळाडू स्वतः मतदान करून ‘सर्वांत उत्कृष्ट’ खेळाडूला पिअरसन पुरस्कार देऊ लागले. १९७५ मध्ये पत्रकारांनी क्लार्कला निवडले, तर खेळाडूंनी ऑरला. १९७६ मध्ये पत्रकारांनी क्लार्कला, खेळाडूंनी लाफ्लरला.

१३/
यावरून खेळाडूंचा कौल पत्रकारांपेक्षा खरा, असा निष्कर्ष काढण्याची घाई होते. तसे करता येत नाही. १९७१ मध्ये पत्रकारांनी ऑरला निवडले होते आणि खेळाडूंनी एस्पोसिटोला. दोन पुरस्कारांचे प्रश्नच वेगळे होते : एकाचा प्रश्न ‘कोणावाचून संघाचे अडेल’, दुसऱ्याचा ‘सर्वांत चांगले कोण खेळले’. सर्वश्रेष्ठ कोण, हा वाद बहुतेक वेळा उत्तरांवर रंगतो. दोन्ही बाजू मनात वेगवेगळा प्रश्न धरून बसल्या आहेत, हे ध्यानात येत नाही.

१४/
दशकाचा उत्तरार्ध मात्र निर्विवाद लाफ्लरचा. क्वेबेक प्रांतातील थर्सो या लहानशा गावचा हा फ्रेंचभाषक मुलगा १९७१ च्या निवडीत पहिल्या क्रमांकावर मॉन्ट्रियलकडे आला. त्याच वर्षी संघाचा लाडका कर्णधार ज्याँ बेलिवो निवृत्त झाला होता. वारसदार म्हणून पाहिल्या गेलेल्या लाफ्लरने पहिल्या तीन हंगामांत ६४, ५५ आणि ५६ गुण केले. ही निराशा होती. चौथ्या हंगामात हेल्मेट उतरवून, सोनेरी केस वाऱ्यावर सोडून तो खेळू लागला आणि एकदम ११९ गुणांवर पोहोचला.

१५/
तेव्हापासून १९८० पर्यंत सलग सहा हंगाम त्याने प्रत्येकी किमान ५० गोल आणि १०० गुण केले. सलग सहा हंगाम ५० गोल करणारा तो पहिलाच. १९७६ ते १९७८ असा तीनदा आर्ट रॉस चषक, आणि १९७३ धरून दशकात पाच स्टॅन्ले चषक. १९७६-७७ मध्ये त्याचा संघ ८० पैकी केवळ ८ सामने हरला. क्वेबेकमध्ये फ्रेंच अस्मिता राजकारणाच्या केंद्रस्थानी आलेला तो काळ : नोव्हेंबर १९७६ मध्ये स्वतंत्र क्वेबेकचा पुरस्कार करणारा पक्ष सत्तेवर आला. लाफ्लरच्या नावाचा गजर त्या लोकांसाठी केवळ खेळाचा गजर नव्हता.

१६/
लाफ्लरविरुद्धचा आक्षेप त्याच्या संघाकडे बोट दाखवतो. मॉन्ट्रियलचा गोलरक्षक केन ड्रायडन कारकिर्दीत ३९७ नियमित सामने खेळला आणि त्यांतील फक्त ५७ हरला. अशा संघात कोणीही चमकेल, असे म्हटले जाते. दुसरा आक्षेप सर्वांनाच लागू आहे. १९६७ पूर्वी लीगमध्ये सहा संघ होते. १९७४ पर्यंत ते १८ झाले. १९७२ पासून वर्ल्ड हॉकी असोसिएशन ही प्रतिस्पर्धी लीगही खेळाडू पळवू लागली. गुणवत्ता पातळ झाली, दुबळे संघ वाढले आणि बलाढ्य संघांचे आकडे फुगले. म्हणून सत्तरचे आकडे पन्नासच्या आकड्यांशेजारी ठेवताना जपावे लागते.

१७/
इथवरची सारी चर्चा एकाच वहीवर चालली आहे : एनएचएलच्या. पण पृथ्वीवर हॉकी फक्त तिथेच खेळली जात नव्हती. २ सप्टेंबर १९७२ रोजी मॉन्ट्रियलमध्ये कॅनडाचे व्यावसायिक खेळाडू आणि सोव्हिएत संघ यांच्यातील आठ सामन्यांची मालिका सुरू झाली. कॅनडात बहुतेकांना आठही सामने सहज जिंकण्याची खात्री होती. पहिल्या सात मिनिटांत कॅनडा २-० पुढेही गेला. अंतिम निकाल मात्र सोव्हिएत संघ ७, कॅनडा ३. दुसऱ्या सत्रात दोन गोल करून सामना फिरवला तो लहानखुऱ्या चणीच्या, १७ क्रमांकाच्या वालेरी खार्लामोवने.

१८/
खार्लामोवचा जन्म १४ जानेवारी १९४८, मॉस्कोचा. वडील रशियन. आई स्पेनची, गृहयुद्धाच्या काळात बालपणीच सोव्हिएत भूमीवर आणली गेलेली. तो सेनादलाच्या सीएसकेए या क्लबात अनातोली तारासोव या कठोर गुरूच्या हाताखाली घडला. मिखाइलोव, पेत्रोव आणि खार्लामोव ही आघाडीची त्रयी जगभर गाजली. त्याच्या नावावर दोन ऑलिंपिक सुवर्णपदके आणि आठ जागतिक विजेतेपदे आहेत. एनएचएलमधील सामने : शून्य. सोव्हिएत राज्यव्यवस्था खेळाडूंना तिथे खेळू देत नव्हती. अधिकृत परवानगीने पहिला सोव्हिएत खेळाडू त्या लीगमध्ये उतरला तो १९८९ साली.

१९/
त्या मालिकेचा सहावा सामना मॉस्कोत झाला. तोवर पाच सामन्यांत सोव्हिएत संघाचे तीन विजय, कॅनडाचा एक, एक बरोबरीत. त्या सामन्यात क्लार्कने स्टिकचा घाव घालून खार्लामोवचा घोटा जायबंदी केला. कॅनडाचे सहायक प्रशिक्षक जॉन फर्ग्युसन यांनी पुढे कबूल केले की ती सूचना त्यांचीच होती. खार्लामोव सातव्या सामन्याला मुकला, आठव्यात दुखऱ्या पायाने उतरला. कॅनडाने उरलेले तिन्ही सामने प्रत्येकी एका गोलाने जिंकले. शेवटच्या सामन्यात ३४ सेकंद बाकी असताना पॉल हेंडरसनने विजयी गोल केला. मालिकेत सर्वाधिक १३ गुण एस्पोसिटोचे होते.

२०/
एका घावाने मालिका फिरली, असे ठामपणे म्हणता येत नाही. एका खेळाडूने सामने जिंकले वा हरले जात नाहीत. एस्पोसिटोने कच खाल्लेल्या संघाला उभे केले, हेही खरे. परंतु क्लार्कचे मोजमाप करताना हा घाव बाजूला ठेवता येत नाही. त्याची जिद्द आणि त्याचा तो फटका एकाच स्वभावातून आलेले होते. आणि प्रतिस्पर्ध्यांनी ज्याचा घोटा लक्ष्य केला, त्याच्याविषयी त्यांचे मत काय होते, ही साक्ष कुठल्याही पुरस्काराहून कमी बोलकी नाही.

२१/
ऑर मात्र त्या मालिकेत नव्हता. गुडघ्यामुळे तो संघासोबत असूनही एकही सामना खेळू शकला नाही. जानेवारी १९७६ मध्ये खार्लामोवचा सीएसकेए संघ बॉस्टनमध्ये खेळायला आला, तेव्हाही ऑर जखमी होता. सप्टेंबर १९७६ मध्ये पहिली कॅनडा कप स्पर्धा झाली, तेव्हा ऑर खेळला, पण त्याच वर्षी मोटार अपघातात पायाची हाडे मोडलेला खार्लामोव येऊ शकला नाही. दोघे एकाच वर्षी, जेमतेम दोन महिन्यांच्या अंतराने जन्मलेले. सत्तरच्या दशकात ते एकदाही समोरासमोर आले नाहीत.

२२/
म्हणून दशकाच्या या वादातील सर्वांत महत्त्वाचा सामना कधी खेळलाच गेला नाही. तुलना उरते ती अप्रत्यक्ष. ३१ डिसेंबर १९७५ रोजी मॉन्ट्रियल आणि सीएसकेए यांच्यातील प्रसिद्ध ३-३ लढतीत खार्लामोवने ड्रायडनवर गोल केला. कॅनडा कपमध्ये ऑर, लाफ्लर, क्लार्क आणि एस्पोसिटो प्रथमच एकाच संघात होते, आणि स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू ठरला ऑर, तोही एका निकामी होत चाललेल्या गुडघ्यावर. त्यानंतर त्याच्या वाट्याला एनएचएलचे केवळ २६ नियमित सामने आले.

२३/
आता निवाडा. प्रश्न ‘दहा वर्षांत सर्वाधिक कमावले कोणी’ असा असेल, तर एस्पोसिटो. ‘सर्वाधिक विजयांच्या केंद्रस्थानी कोण होता’ असा असेल, तर लाफ्लर. ‘सर्वांत चांगले कोण खेळले’ असा असेल, तर एक शेवटचा हिशेब पाहावा. १९७०-७१ पासूनची पाच वर्षे ऑरची : ३७१ सामन्यांत ६१४ गुण. १९७५-७६ पासूनची पाच वर्षे लाफ्लरची : ३९२ सामन्यांत ६४७ गुण. दोघांची सरासरी १.६५. त्या काळातील सर्वोत्तम आघाडीपटूची त्याच्या ऐन भरातली बरोबरी एका बचावपटूने केली, आणि शिवाय आपला बचावही सांभाळला.

२४/
या कारणाने पारडे ऑरकडे झुकते. त्याचे दशक अर्धेच होते, हा आक्षेप खरा आहे, आणि प्रदीर्घ सातत्याला अधिक मान देणाऱ्याने लाफ्लरला निवडले तर ती चूक म्हणता येणार नाही. पण ऑरनंतर बचावपटूचे काम तेच राहिले नाही. पुढे मुसंडी मारणारा प्रत्येक बचावपटू त्याने मळलेल्या वाटेने जातो. मात्र हा निवाडा एका वहीपुरता आहे. खार्लामोवच्या बाबतीत ती वही कोरी आहे. तो कमी पडला म्हणून नव्हे, दोन राज्यव्यवस्थांमधल्या भिंतीमुळे ती कोरी राहिली. कोऱ्या पानाला शून्य समजणे, ही इतिहासाच्या वाचकाने टाळावी अशी चूक.

२५/
२७ ऑगस्ट १९८१ रोजी मॉस्कोजवळ आणखी एका मोटार अपघातात खार्लामोव आणि त्याची पत्नी यांचा मृत्यू झाला. तो ३३ वर्षांचा होता. २००५ साली टोरोंटोच्या हॉकी हॉल ऑफ फेमने त्याला आपल्यात स्थान दिले. ऑरला ते स्थान १९७९ मध्येच, नेहमीची प्रतीक्षा माफ करून, वयाच्या ३१ व्या वर्षी मिळाले होते. लाफ्लर २०२२ मध्ये गेला. बॉस्टनमध्ये क्रीडागृहाबाहेर हवेत झेपावलेल्या ऑरचा पुतळा उभा आहे. त्याचे अनावरण झाले २०१० साली, १० मे रोजी.

(थ्रेड समाप्त)